सातव्या खुंटीवरचा शर्ट

हैदराबादहून गोव्याला जाताना मला मुंबईत विमान बदलायचं होतं. पहिलं सव्वादहाला उतरलं. दुसरं पाच वाजून पाच मिनिटांनी सुटणार होतं. चेक-इनचा एक तास आणि टॅक्सीचे जाऊन-येऊन दोन तास वजा केले, तरी तीन तास पन्नास मिनिटं उरत होती. वर्ष १९९४.

गोव्यात एका यंत्राची तपासणी करून मी कुडाळजवळच्या आमच्या गावी दोन दिवस राहणार होतो. हे कळल्यावर आईने पत्र पाठवलं: वेळ आहे तर भोईवाड्याला जा, खोलीतली बाबांची ट्रंक आणि खुंटीवरचा शर्ट घेऊन ये, विषय कायमचा संपव. बाबांनी पत्राच्या तळाशी एक ओळ लिहिली होती: पंखा अजून आवाज करतो का, बघ.

बाबा, म्हणजे सीताराम, मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, विणकर होते. संप सुरू झाल्यावर सात महिन्यांनी ते गावी आले, संप मिटेपर्यंत. त्याला बारा वर्षं झाली होती. अजूनही भाताची लावणी झाली की ते म्हणत, आता मुंबईला जाऊन यायला हवं. आई ऐकून घेई.

गावच्या गिरणी कामगारांची ती सामाईक खोली चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. दारासमोर गॅलरीत एक माणूस तोंडावर टॉवेल घेऊन उन्हात झोपला होता. त्याला ओलांडून मी आत गेलो. खोली साधारण पंधरा फूट बाय अठरा फूट. भिंतींवर चौदा खुंट्या, खाली ट्रंका. स्टोव्हजवळ बसलेले गंगाधरकाका खोलीचे कारभारी होते. त्यांनी माझ्याकडे दोनेक सेकंद पाहिलं.

"सीतारामाचो झील मां तू? कान तसेच आसत."

त्यांनी चहा ठेवला आणि खोलीचा नियम सांगितला. गावी जाणाऱ्याने शर्ट खुंटीवर ठेवून जायचं. शर्ट आहे तोवर खालची जागा त्याची. शर्ट काढायचा तो त्यानेच किंवा त्याच्या रक्ताच्या माणसाने. सातव्या खुंटीवर बाबांचा शर्ट होता. मूळ रंग सांगता येत नव्हता. काका वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, तो धुऊन पुन्हा लावत.

गॅलरीतल्या माणसाचं नाव महादेव. बंद गिरणीच्या गेटावर तो रात्रपाळीचा वॉचमन होता आणि चार वर्षं दिवसा गॅलरीत झोपत होता. पावसाळ्यात वर प्लास्टिक बांधी. सातव्या खुंटीखालची, ट्रंकेपुढची सहा फूट बाय अडीच फूट फरशी झाडलेली, पुसलेली, रिकामी होती. मी विचारलं, जागा रिकामी असताना तो बाहेर का?

काका म्हणाले, जागा रिकामी नाही. सीताराम रजेवर आहे. संप मागे घेतला असं अजून कुणी जाहीर केलेलं नाही.

एवढ्यात महादेव उठून दारात आला. मी कोण हे कळल्यावर तो शर्टाकडे आणि मग माझ्या हाताकडे बघत राहिला. हात वर करून शर्ट काढायला तीन सेकंद लागले असते. त्याला झोपायला जागा मिळाली असती, आईचा विषय संपला असता. मग लावणीनंतर बाबा काय म्हणतील, याचा मला अंदाज करता येईना.

मी बराच वेळ पंख्याकडे पाहिलं. दर फेरीला एकदा टक्. शेवटी काकांना विचारलं, साचेवाला रजेवर गेला तर गिरणी त्याचे साचे बंद ठेवायची का?

"बंद कसे ठेवतील? बदली कामगार लावायचे," काका म्हणाले आणि मध्येच थांबले. चहा उतू गेला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

खोलीत सगळ्यांनी मिळून तीनशेच्या वर वर्षं गिरणीत काढली होती. झोपायच्या जागेलाही बदली लावता येतो, ही गोष्ट कुणालाच सुचली नव्हती. काकांनी लगेच अट घातली: रोज सकाळी सात वाजेपर्यंत सीताराम हजर झाला नाही, तरच त्या दिवसापुरती जागा महादेवची. शर्टाला हात लावायचा नाही.

त्या दिवशी एक वाजून गेला होता. काकांनी जिन्यापर्यंत जाऊन खाली पाहिलं, परत आले आणि म्हणाले, "नाय इलो. झोप रे."

महादेव भिंतीकडे तोंड करून आडवा झाला आणि दोन मिनिटांत घोरू लागला.

ट्रंक मी मोजली. विमानात हाताशी नेता येते त्यापेक्षा ती चार सेंटिमीटर लांब होती. गावी पोचल्यावर आईला मी हेच कारण सांगितलं. ते खरंही होतं. ती म्हणाली, शर्ट किती सेंटिमीटर होता?

बाबांना पंख्याचं सांगितलं. मग जागेचं सांगितलं. ते ओटीवर विळ्याला धार लावत होते. हात थांबला.

"बदली माणूस कसा आहे?"

"शांत. घोरतो."

त्यांनी थोडा विचार केला.

"काकाला कळव. मी आलो की बदली माणसाला उठावं लागेल."

आणि ते पुन्हा धार लावू लागले. मी त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकलं.