तेवीस नंबर सुखरूप

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. पट्टा म्हटल्यावर तुम्हाला कमरेचा आठवला असेल, नाहीतर कुत्र्याच्या गळ्यातला. मी त्यातला नाही. मी मनगटाला बांधायचा निळा रबरी पट्टा आहे आणि माझ्या पोटात बोटाच्या पेराएवढं एक यंत्र आहे. पोहणाऱ्याच्या हाताला मला बांधलं की तो पाण्यात किती खोल गेला आणि त्याचा हात हलतोय की नाही, हे मला कळतं. माणूस पाण्याखाली निपचित राहिला की मी बोंब ठोकतो. एवढंच माझं काम. त्यात मी एकदाही चुकलो नाही, आणि तरी माझ्या माथी एक पाप आहे. तेच आज सांगायला बसलोय.

माझा जन्म चाकणला झाला. मोठ्या कंपन्यांच्या मागच्या गल्लीत पत्र्याची एक शेड आहे, तिथे रबराच्या बारीकसारीक वस्तू बनतात. तापलेल्या साच्यात रबर दाबायचं, थोड्या वेळाने साचा उघडायचा आणि कडेला आलेलं जास्तीचं रबर ब्लेडने कापून टाकायचं. माझ्या साच्यावर वर्षाली नावाची बाई होती. मूळची परभणीकडची, लग्न होऊन इकडे आलेली, कामाला चटपटीत आणि बोलायला त्याहून जास्त. माझी कड कापताना तिचं ब्लेड जरासं सटकलं आणि बक्कलाजवळ माझ्या अंगावर तांदळाच्या दाण्याएवढी खाच पडली. सुपरवायझर मला रिजेक्शनच्या डब्यात टाकायला निघाला होता. वर्षालीने त्याला अडवलं. एवढ्याशा खाचेने काय होतंय, राहू द्या की बिचाऱ्याला, असं म्हणाली. तो हसला आणि त्याने मला चांगल्या मालात टाकलं. म्हणजे बघा, मला जन्मही तिनेच दिला आणि जीवदानही तिनेच.

तिच्या शेजारच्या साच्यावर दीपमाला असायची. दोघींची गट्टी अशी, की एकीच्या डब्यातली भाजी दुसरीने खाल्ल्याशिवाय जेवण व्हायचं नाही. पहिल्या शिफ्टला बस चुकून वर्षालीला उशीर झाला, की दीपमाला फाटकाजवळच्या हजेरीच्या मशीनला आधी आपलं कार्ड लावायची आणि मग हळूच वर्षालीचं. वर्षालीही तिच्यासाठी तेच करायची. त्या शेडमध्ये याला कुणी लबाडी म्हणत नसे. 'तुझं मी पंच करते' म्हणणारी ती खरी मैत्रीण, असा तिथला हिशेब होता. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा.

पुढे माझ्या पोटात यंत्र बसलं, पाठीवर २३ हा आकडा उमटला आणि मी पुनावळ्याजवळच्या एका कामगार वसाहतीच्या तलावावर आलो. तलाव वसाहतीचा असला तरी पास काढून कुणालाही पोहायला मुभा होती. खिडकीत मंजुळाबाई बसायच्या. संगणकावर नाव चढवून पट्टा बांधल्याशिवाय त्या कुणाला आत सोडायच्या नाहीत. समोरच्या भिंतीवर एक मोठा फळा होता, त्यावर आम्हा चाळीस पट्ट्यांचे चाळीस दिवे. माणूस पाण्यात असला आणि ठीक असला की हिरवा दिवा. धोका वाटला की लाल दिवा आणि भोंगा. आणि माणूस पाण्याबाहेर आला की त्याच्या आकड्यापुढे अक्षरं उमटायची, 'सुखरूप'. किती गोड शब्द आहे हो!

तलावावर जीवरक्षक होते ज्योतीराम. पन्नाशीचा माणूस, उन्हाने रापलेला, गळ्यात शिट्टी. आम्ही येण्याआधी ते डोळ्यांत तेल घालून पाण्याकडे बघायचे. दर पाच मिनिटांनी उठायचे, काठाने पूर्ण फेरी मारायचे आणि मोठ्याने डोकी मोजायचे. दुपारी चारनंतर ऊन तिरपं होऊन पाणी नुसतं चकाकतं, एका जागी बसून तळ दिसत नाही, म्हणून ही फेरी. लोक त्यांना हसायचे. मेंढरं मोजताय का राव, म्हणून चिडवायचे. ज्योतीराम मोजणी काही सोडायचे नाहीत.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक मोठं काम झालं. गावातले जुने जमीनवाले दादासाहेब रोज सकाळी पोहायला यायचे. पट्टा म्हटलं की त्यांचं टाळकं सरकायचं. "आमी हिरीत पवलेली माणसं. आमाला ह्यो पट्टा कशापायी?" असं मंजुळाबाईंना ऐकवायचे. मंजुळाबाई त्यांना पुरून उरणाऱ्या. त्यांनी सरळ मला दादासाहेबांच्या मनगटाला आवळलं. तिसऱ्या दिवशी मध्यावर पोहताना दादासाहेबांना चक्कर आली आणि ते आवाज न करता खाली गेले. मित्रांनो, बुडणारा माणूस ओरडत नाही बरं का. तो गपकन खाली जातो आणि शेजारच्यालाही पत्ता लागत नाही. मी मात्र बोंब ठोकली. भोंगा वाजला, ज्योतीरामांनी सूर मारला आणि दादासाहेब वाचले.

मग काय विचारता! पेढे वाटले गेले, फोटो निघाले. त्या खंडेनवमीला कंपनीतल्या यंत्रांसारखी आमचीही पूजा झाली. फळ्याला झेंडूचा हार, आणि माझ्या अंगावर दादासाहेबांनी स्वतःच्या हाताने कुंकू लावलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला गर्व झाला.

पण त्याच दिवसापासून एक गोष्ट बिघडत गेली आणि ती कुणाच्याच लक्षात आली नाही. ज्योतीराम आता फळ्याकडे बघू लागले. दर पाच मिनिटांची फेरी पंधरा मिनिटांवर गेली, मग अर्ध्या तासावर, आणि मग बंदच झाली. आळशी नव्हता हो तो माणूस. सगळेच सांगायचे की यंत्र आहे ना, मग कशाला तंगड्या तोडता? दिवे हिरवे दिसले की ते निवांत व्हायचे. डोकी मोजणं थांबलं.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात बायकांची चार ते पाचची बॅच सुरू झाली, आणि पहिली शिफ्ट सुटल्यावर एके दिवशी खिडकीशी कोण यावं? वर्षाली आणि दीपमाला. मंजुळाबाईंनी पट्ट्यांचा ट्रे पुढे केला. वर्षालीने एकेक पट्टा उलटापालटा करत माझी खाच शोधून काढली. हा माझाच माल आहे, मला हाच पाहिजे, म्हणून लहान पोरीसारखी हटून बसली. त्या दिवसापासून तेवीस नंबर तिचा झाला. मी किती खूश झालो ते काय सांगू!

वर्षाली टँकरखाली हंडे लावत वाढलेली होती. हनुवटीपर्यंत पाण्यात उभं राहायचं म्हणजे काय, हे तिला तिसाव्या वर्षी कळलं. पहिल्या दिवशी ती पाण्यात उतरली आणि एवढं पाणी, एवढं पाणी, म्हणत नुसती हसत राहिली. तिने मनाशी एकच ठरवलं होतं. उथळ टोकाकडून खोल टोकापर्यंत एकदा, कुठेही न थांबता, जायचं. गावी आईला फोनवर तसं सांगूनही टाकलं होतं. महिनाभरात ती पाऊण तलाव पार करू लागली. शेवटचा खोल तुकडा तेवढा उरला होता. मी सोबत असतानाच तो तुकडा ती पार करणार, याची मला खात्री होती.

तो मंगळवार होता. शेडमध्ये शिफ्ट सुटायच्या घाईत तापलेला साचा तिच्या मनगटाला लागला होता आणि तिथे मोठा फोड आला होता. खिडकीशी तिने काही सांगितलं नाही, कारण मंजुळाबाईंनी पाण्यात जाऊच दिलं नसतं. ओठ दाबून तिने मला बांधून घेतलं. शिडीपाशी आल्यावर मात्र तिला सोसवेना. पाण्याने रबर ओलं झालं की ते फोडावर कसं घासतं, ते मला ठाऊक आहे.

"लै घासायलाय गं हा," ती दीपमालाला म्हणाली. "आजच्या दिवस माझं तू पंच कर."

दीपमालाने एक क्षणही विचार केला नाही. कशाला करेल? सहा वर्षं तिने हेच केलं होतं. तिने मला वर्षालीच्या हातातून सोडलं आणि आपल्या चोवीस नंबरच्या पट्ट्याशेजारी बांधलं. दोघी हसल्या. आणि वर्षाली माझ्याशिवाय पाण्यात उतरली.

मित्रांनो, मला हात कळतो, माणूस कळत नाही. दीपमाला उथळ टोकाला कठड्याला धरून पाय मारत होती. मला ओला, हलता, जिवंत हात लागत होता. मी इमानेइतबारे फळ्याला सांगत राहिलो की तेवीस नंबर ठीक आहे. भिंतीवर तेवीसचा दिवा हिरवागार. काठावर ज्योतीराम त्या दिव्याकडे बघत बसलेले. आणि चकाकणाऱ्या पाण्याखाली, खोल टोकाला, शेवटच्या तुकड्यात, वर्षालीचं काय झालं ते आमच्यातल्या कुणीच पाहिलं नाही.

थोड्या वेळाने दीपमाला पाण्याबाहेर आली. तिच्याबरोबर मीही आलो. फळ्यावर दोन ओळी उमटल्या. चोवीस नंबर सुखरूप. तेवीस नंबर सुखरूप.

दीपमालाला वाटलं, वर्षाली आधीच कपडे बदलायला गेली. ती तिकडे बघून आली, न्हाणीघरात हाका मारून आली, आणि मग ज्योतीरामांपाशी येऊन म्हणाली की वर्षाली कुठे दिसत नाही.

ज्योतीरामांनी फळ्याकडे बोट केलं. "बाहेर आल्या की त्या. तेवीस नंबर सुखरूप आहे."

दीपमालाने फळ्याकडे पाहिलं. मग आपल्या मनगटाकडे पाहिलं. तिने हात त्यांच्यापुढे धरला.

"भाऊ," ती म्हणाली, "तेवीस माझ्या हातात आहे."

ज्योतीराम कपड्यांनिशी पाण्यात गेले. त्यांनी तिला तळावरून वर आणलं, छाती दाबली, श्वास दिला, गाडी येईपर्यंत हात थांबवला नाही. भोंगा तेव्हाही गप्पच होता, कारण त्याला वाजायला कुणी सांगितलंच नव्हतं. खोल टोकाचा कठडा तिच्यापासून दोन हातांवर होता. वर्षाली परत आली नाही.

पुढे चौकशी झाली. एका इंजिनिअरने मला संगणकाला जोडलं आणि माझ्या पोटातली नोंद सगळ्यांसमोर वाचून दाखवली. कागदावर लिहिलं गेलं की पट्टा व्यवस्थित चालू होता, यंत्रात दोष नाही. माझी सुटका झाली म्हणे! त्यापेक्षा त्या दिवशी मला रिजेक्शनच्या डब्यात टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

दीपमाला कामावर जाते, पण आता ती कुणाचं कार्ड पंच करत नाही. कुणी गळ घातली तर मान खाली घालून निघून जाते. नव्या बायका तिला शिष्ट म्हणतात. त्यांना काय माहीत.

तलाव तीन महिन्यांनी पुन्हा उघडला. बाकीचे पट्टे कामाला लागले. मला मात्र मंजुळाबाई कुणाला देत नाहीत. मी त्यांच्या टेबलाच्या खणात, ब्लीचिंग पावडरच्या उग्र वासात पडून असतो. रबर आता कडक होत चाललंय. रोज बॅच सुरू होण्याआधी ज्योतीराम मला बाहेर काढतात, सगळ्यांपुढे धरतात आणि शांतपणे सांगतात की ज्याचा पट्टा त्याच्याच हाताला, आणि घासत असेल तर पाण्यात उतरू नका, घरी जा. मग मला खणात ठेवून ते काठाने फेरी मारतात. आता दर दोन मिनिटांनी. मोठ्याने मोजतात. आजकाल कुणी हसत नाही.

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस पोहायला जाल. तुमच्याही हाताला माझ्यासारखं कुणीतरी बांधलं जाईल. मैत्रीखातर सुद्धा त्याला दुसऱ्याच्या हाताला देऊ नका. आणि तुमच्याबरोबर पाण्यात किती जण उतरले, ते डोळ्यांनी मोजा. वर येताना पुन्हा मोजा. दिव्यावर विसंबू नका. माझं एवढं ऐका.

माझ्या पोटातली शेवटची नोंद अजून तशीच आहे. ती पुसायची सोय माझ्यात केलेलीच नाही. कधी कुणी मला संगणकाला जोडलंच, तर तिथे एवढंच दिसेल: तेवीस नंबर, वर्षाली, पाण्यात सव्वीस मिनिटं, सुखरूप बाहेर.