टाके घालायचे की थांबायचं

सिझेरियनच्या नवव्या दिवशी अंकिताचे ओटीपोटावरचे टाके उघडले आणि पुढचे तीन आठवडे जखम मिटायचं काही नाव घेईना. रोज सुकापूरहून रिक्षाने पनवेलला डॉक्टर डेबोरा पेणकरांकडे जायचं, नर्सने जखम धुऊन आत औषधाची पट्टी भरायची आणि अंकिताने छताकडे बघत दात आवळून पडून राहायचं. तान्ही मनस्वी तेवढा वेळ बाहेर सासूच्या, गोदूबाईंच्या मांडीवर.

शेवटी डॉक्टरांनी तीन वाटा समोर ठेवल्या. आहे तसंच ड्रेसिंग चालू ठेवायचं. नाहीतर जखमेवर स्पंज बसवून यंत्राने आतलं पाणी ओढून घ्यायचं. किंवा पुन्हा भूल देऊन टाके घालायचे. त्याने लवकर मिटेल, पण दोन-तीन दिवस दवाखान्यात राहावं लागेल. शुक्रवारी ठरवून ये, म्हणाल्या.

अंकिता एम.एस्सी. झालेली, त्यात मुळातच चौकस. तिने वहीत तीन वाटांचे तीन रकाने आखले आणि प्रत्येकात लिहिलं: दिवस किती लागतील, दुखणार किती, पुन्हा उघडायची भीती किती, बाळाला पाजता येईल का. रोज जखमेचा फोटो काढून कालच्याशी ताडून बघायची. ताप, साखर, पट्टी किती भिजली, सगळं लिहिलेलं. नवरा, प्रणित, म्हणाला, तू ठरवशील ते. त्याचा तिला जास्तच राग आला. कारण मनात एकच घोळत होतं. दुसऱ्यांदा भूल दिली आणि आपण उठलोच नाही, तर पोरीचं काय?

शुक्रवारी डॉक्टरांनी वही पानन् पान वाचली. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "यात जेवण कुठंय? काल काय खाल्लंस?"

अंकिताला आठवावं लागलं. पेज, तूपभात, दुधी. परवाही तेच.

मनस्वीला घेऊन दारात उभ्या असलेल्या गोदूबाई पुढे झाल्या. "टाके परलेल्या बाईला मासली, अंडी, डाल देत नाय आमी. पू धरतो. मी पन सोरली हाय मासली. तिच्या नाकासमोर मी कशी खाऊ?"

अंकिता बघतच राहिली. मासळीशिवाय घास न उतरणारी ही बाई महिनाभर पेज पीत होती, आणि रोजच्या पट्टीचा हिशेब ठेवणाऱ्या सुनेला ते दिसलं नव्हतं. लग्नाआधी शिकवणीच्या मुलांना प्रथिनं शिकवणारी ती, सासू एवढ्या मायेने करते तर वाद कशाला, म्हणून वाटी पुढे करत राहिली होती.

डॉक्टर रागावल्या नाहीत. "गोदूबाई, पू मासळीने धरत नाही, घाणीने धरतो. आणि घाण तुम्ही होऊ दिलेली नाही, जखम स्वच्छ आहे. पण नवं मांस भरायचं तर ते कशातून? वर ही बाळालाही पाजते."

मग त्यांनी अंकिताला समजावलं की यंत्र मोठ्या, फार पाझरणाऱ्या जखमेला जास्त उपयोगाचं. हिची तशी नाही. दहा दिवस ड्रेसिंग आणि पोटभर जेवण. निम्म्याने भरली नाही तर टाके, आणि तेव्हा कुरकूर चालायची नाही.

दुसऱ्या दिवशी घरात मुशी माशाचं कालवण शिजलं. गोदूबाईंनी वाढलं खरं, पण संध्याकाळी "फोटू दाव" म्हणून जखम न्याहाळली, पू दिसला नाही तेव्हा कुठे स्वतःचं ताट घेतलं. मग रोज अंडी, वरण, कोलंबी. पाचव्या दिवशीही फोटोत फरक दिसेना, तशी अंकिता न्हाणीघरात जाऊन रडली. आठव्या दिवशी नर्स सहज बोलून गेली की आज पट्टी कमी लागली. त्यावर विश्वास ठेवायचा तिला धीर झाला नाही.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी जखमेची खोली मोजली, पुन्हा मोजली.

"निम्म्याच्या वर भरलीय. टाके नकोत."

"म्हणजे भूल नाही?"

"नाही गं. ड्रेसिंगही आता एक दिवसाआड."

अंकिताने डोळे मिटून घेतले. कानामागून पाणी ओघळलं, ते तिने पुसलंही नाही.

"मंग आता पोर उचलू द्याची का हिला?" गोदूबाईंनी विचारलं.

"पोर उचलू द्या. गॅसची टाकी नको."

"टाकी प्रणित उचलल. त्याला कुठं टाके परलेत?"

नर्स फिसकन हसली. अंकिताही हसली, आणि उठून बसत तिने लेकीसाठी हात पुढे केले.