वर्षभराची मुदत

सकाळी सव्वादहा वाजता कवळ्यांच्या कारखान्यात भागीदाराने फळीवरून दातांचं पुढचं मॉडेल उचललं आणि हातोडी खाली ठेवली. चिठ्ठीवर पेशंटचा क्रमांक नव्हता. 'घरचं' आणि गेल्या वर्षीची तारीख, एवढंच लिहिलं होतं.

"गुरुजी, हे वहिनींचं."

गुरुजी हे टोपणनाव. माणूस कवळ्या बनवणारा. पण कुणाकडे मयत झालं की हा जाऊन बसायचा आणि देह नाशवंत, आत्मा अमर, हे शांतपणे समजावून सांगायचा. लोकांना बरं वाटायचं. त्याची बायको जाऊन एकोणीस दिवस झाले होते. या एकोणीस दिवसांत तो रडला नव्हता. जेवण वेळेवर होत होतं.

नियम त्याचाच होता. दातांचं प्लास्टरचं मॉडेल वर्षभर ठेवायचं, मग फोडायचं. नाहीतर जागा पुरत नाही. हे मॉडेल गेल्या वर्षी याच महिन्यात केलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "ठेव समोर. निदान हे तोंड तरी तुला उलट बोलणार नाही."

"मुदत झाली," गुरुजी म्हणाला. "फोड."

"मी नाही फोडणार."

"तुझ्या आईचं मी फोडलं होतं."

"हो. वर म्हणालात, देह राहिला नाही, तिथे प्लास्टरचं काय घेऊन बसलास! दोन दिवस जेवलो नव्हतो मी." भागीदाराने हात पुसले. "ते खरं होतं का हो?"

"खरंच आहे. आजही."

"मग घ्या हातोडी."

गुरुजीने हातोडी घेतली. दुसऱ्या हातात मॉडेल होतं. खालच्या पुढच्या दाताचा कोपरा उडालेला. ती दोरा दातानेच तोडायची. कात्री शेजारी असली तरी. त्यावरून तो तिला रोज बोलायचा. अंगठा त्या कोपऱ्यावर जाऊन थांबला. प्रेम दातावर नसतं, असं त्याने दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं. स्वतःलाही सांगून पाहिलं. वाक्य बरोबर होतं. अंगठा हलला नाही.

"चहा सांगू?" भागीदाराने विचारलं.

"सांग."

चहा आला. त्यावर साय धरली.

संध्याकाळी सहा वाजता फुटक्या प्लास्टरचं पोतं बाहेर गेलं. हातोडी खिळ्याला अडकवलेली होती. मॉडेल गुरुजीच्या टेबलावर होतं. जुन्या तारखेची चिठ्ठी काढलेली होती. नवी अजून लावलेली नव्हती.