न खोकणारी बॅटरी

जनरेटर मिस्त्रीचे कान भलतेच तिखट होते. यंत्र खोलायच्या आधीच तो त्याचं दुखणं ओळखायचा, आणि त्याचा त्याला तोराही होता. घरचा जनरेटर तर त्याच्या पोटच्या पोरासारखा. डिझेल संपत आलं की तो आधी खोकायचा, मग बंद पडायचा. तेवढ्यात मिस्त्री कॅन घेऊन हजर! वीज सारखी जायची, आणि आतल्या खोलीतलं आईचं ऑक्सिजनचं मशीन थांबून चालणार नव्हतं.

पण डिझेल परवडेना. मग सरकारी योजना आली. छतावर सोलर, घरात बॅटरी, निम्म्याहून कमी किमतीत. अट एकच, जुना जनरेटर साहेबांसमोर निकामी करायचा. मिस्त्रीने आपल्याच ड्रिलने इंजिनाला भोक पाडलं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने लोखंडाच्या किसावर ढकललं.

बॅटरी बसवणारी मुलगी म्हणाली, "काका, हा दिवा लाल झाला की आजींचं मशीन सोडून बाकी सगळं बंद करायचं. रोज बघत जा."

"अगं पोरी, माझा जन्म गेला यात!"

आई मात्र खूश. "मेला तो धडधडाट गेला एकदाचा. आता माझा कप तरी तुला ऐकू येईल." चहा हवा असला की ती भिंतीवर कप वाजवायची, आणि आता तो पलीकडच्या वर्कशॉपमध्ये खरंच ऐकू यायचा.

पुढे आभाळ असं भरून राहिलं की ऊनच पडेना. एका दुपारी वीज गेली. मिस्त्री त्याच बॅटरीवर ड्रिल चालवत होता. दिव्याकडे बघायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही, कान उघडे होते ना! ड्रिल एकाएकी थांबलं. ना खोकला, ना कुरकुर. म्हणजे ड्रिलच बिघडलं, असं ठरवून या शहाण्याने ते खोलायला घेतलं.

भिंतीवर कप वाजला.

"आलो गं, एवढं बघतो."

पुन्हा वाजला, घाईघाईने.

"अगं हो, चहाच ना? जरा दम धर की!"

ड्रिलमध्ये काहीच बिघाड नव्हता. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा कप वाजायचा थांबला होता. तो आत धावला. मशीन बंद होतं. आई भिंतीला टेकून गेली होती. कप खाली फुटलेला, त्याचा कान तेवढा तिच्या मुठीत.

शेजारी जमले तेव्हा मिस्त्री अंगणात होता. भंगारात जायच्या जनरेटरची दोरी तो पुन्हा पुन्हा ओढत होता. दर वेळी त्याने पाडलेल्या भोकातून नुसती हवा बाहेर यायची, आणि तो कान लावून ऐकायचा.