पायाळूची कंबर

सकाळचा भोंगा व्हायच्या आत अंजनाबाईच्या दारापुढे पाच-सहा पुरुष ओळीने पालथे पडलेले असत. मजुरांच्या कॅम्पात नवा आलेला माणूस ते बघून दचकायचा. त्याला वाटायचं, काही विषबाधा वगैरे झाली की काय. मग कोणीतरी त्याला समजावून सांगे की ही माणसं चांगली धडधाकट आहेत, फक्त त्यांना लाथ खायची आहे.

अंजनाबाई पायाळू होती. म्हणजे जन्मताना तिचं डोकं आधी न येता पाय आधी आले होते. यात तिची करामत काहीच नव्हती, पण भंडाऱ्याकडच्या लोकांचा ठाम विश्वास, की पायाळूने डाव्या पायाने पाठीला तीनदा लाथ लावली, आणि लावताना तोंडातून शब्द काढला नाही, की भरलेली उसण उतरते. भिलाईच्या पोलाद कारखान्यात पहिली भट्टी पेटून वर्ष होत आलं होतं. पुढच्या भट्ट्यांचं लोखंड दोर-कप्पीने वर चढवायला त्या बाजूचे खलाशी, म्हणजे अवजड माल चढवणारे मजूर, शेकड्यांनी आले होते, आणि लोखंड म्हटलं की उसण आलीच. अंजनाबाईचा नवरा केवलराम हाही खलाशीच. त्याचा मुकादम पंजाबराव. गँगवर ओरडताना त्याचा आवाज पार रिसाली गावापर्यंत जायचा म्हणत. तो पंजाबराव रोज सकाळी आपल्या बायकोच्या पायाशी नाक घासतो, याचा केवलरामला भारी अभिमान.

सासू मैनाबाई दारात बसून ओळ लावायची. "ए, सरक तिकडं. मुकादमाले जागा दे. अन् लिंबू कुठं हाय तुयं?" लिंबू आणल्याशिवाय कोणाला पालथं पडता येत नसे.

या सगळ्या गर्दीत अंजनाबाईची स्वतःची कंबर दोन वर्षांपासून दुखत होती, हे कोणाला माहीत नव्हतं. नळ चाळीस-पन्नास पावलांवर. पाणी तासभर. त्या तासात चौदा गुंड, म्हणजे पितळेच्या घागरी, भरून आणायच्या, एक डोक्यावर, एक कमरेवर. मग वाकून चूल, वाकून झाडू, वाकून धुणं. आणि मधेच एका पायावर उभं राहून सहा माणसांच्या घामट पाठींना अठरा लाथा. कळ आली की ती दात आवळून धरायची. लाथ मारताना बोलायचं नसतं, त्यामुळे कण्हायचीही सोय नव्हती.

एक दिवस नळावरून परत येताना शेजारची चंपा मागून धावत आली. चंपा इथलीच, छत्तीसगडची, तोंडाने फटकळ. तिच्या हातात एक चप्पल होती.

"काय बाई, एक चप्पल नळावरच टाकून आली? ध्यान कुठं हाय?"

अंजनाबाईने खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल होती, डावा उघडा होता. तापलेल्या गिट्टीवरून ती तशीच चालत आली होती आणि पायाला पत्ताच नव्हता. ज्या पायापुढे कॅम्प लोळण घेत होता, तो पाय बधिर झाला होता.

दुसऱ्या दिवशी बाजाराला जाते म्हणून ती कारखान्याच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई कुठल्यातरी लांबच्या मुलखातल्या, हिंदी जपून बोलायच्या. त्यांनी तिला झोपवलं, तळव्याला सुई टोचली आणि विचारलं, "सुई चुभी?"

"कौनसी सुई?" अंजनाबाईने विचारलं.

बाईंनी सुई ठेवून दिली. एक्स-रे काढला, आणि मग खुर्ची जवळ ओढून नीट समजावून सांगितलं. मणक्यांमधली गादी सरकून शीर दाबली गेली आहे. उपाय तीन. एक, नागपूरला ऑपरेशन. त्यात गुण येईलच अशी खात्री नाही. दुसरा, छातीपासून ढुंगणापर्यंत दोन महिने प्लास्टर. समोर एप्रिल-मे आहे, विचार कर. तिसरा सगळ्यांत साधा: सहा आठवडे कडक फळीवर पडून राहायचं, आंघोळीपुरतं उठायचं, वाकायचं नाही, उचलायचं तर काहीच नाही. आधी हा करून बघू.

"आणि काहीच नाही केलं तर?"

"तर हा पाय ओढत चालशील. जन्मभर."

घरी येऊन तिने सगळं सांगितलं. मैनाबाईने कपाळावर हात मारला.

"बाप्पा! पायाळूची कंबर दुखते म्हणून गावभर सांगशील तर लोक हसतील ना वं! हलवायाच्या पोराले मिठाई मिळत नाई म्हटल्यासारखं झालं. गुमान बिब्बा लाव."

"लावला होता आत्याबाई. कातडं सोललं, कंबर तशीच राहिली."

"दुर्गले एक वैदू डाग देते," केवलराम म्हणाला. "तापल्या सळईचा. एक नंबर मानूस."

"तुमी घेतला होता ना मागल्या साली?"

"घेतला होता नं."

"मग रोज सकाळी माह्यापुढं पालथे कावून पडता?"

केवलराम विडी शोधू लागला.

संध्याकाळी खुद्द पंजाबराव आला. खाटेवर ऐसपैस बसून, चहा बशीत ओतून त्याने निवाडा दिला. "दवाखाना हाड मोडल्यावर. फळीवर झोपून कोनी बरं होते काय? झोपून बरं होत असतं तर माही अर्धी गँग पयलवान झाली असती. उसणीले पायाळूच पाहिजे."

"पायाळू तर मीच हावो जी," अंजनाबाई म्हणाली. "मले कोन लाथ मारन?"

पंजाबरावने खरोखर विचार केला. कपाळाला आठ्या घातल्या, मिशी चावली. "स्वतःची स्वतःले नाई मारता येत?"

अंजनाबाईने त्या माणसाकडे बघितलं. शंभर माणसं याच्या शिट्टीवर दोर ओढतात, आणि भट्टी तरीही सरळ उभी राहिली, याचं तिला पहिल्यांदाच नवल वाटलं.

तीन तास चर्चा झाली. बिब्बा, डाग, बैगा मांत्रिकाची फुंकर, गोंदियाकडचा एक मालिशवाला, सगळे बोलण्यात येऊन गेले. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं तेवढं कोणी घेईना. शेवटी केवलरामच्या तोंडून खरं कारण निघालं.

"आन् तू फळीवर निजली, तर पानी कोन भरन?"

"तुमी."

"मी?" त्याचा आवाज चिरकला. "नळावर? बायांच्या लाइनीत? मुकादमासमोर काय बोलून राहिली तू!"

सबंध दिवस लोखंडाशी झुंजणाऱ्या त्या माणसाला पितळेचा गुंड उचलायचं भय वाटत होतं. अंजनाबाई उठली. सामान ठेवायची जाड फळी तिने चंपाच्या मदतीने खाली उतरवून घेतली, दारातच आडवी टाकली, आणि तिच्यावर उताणी झोपली.

सकाळी माणसं लिंबं घेऊन आली, तर पडायच्या जागेवर चौदा रिकामे गुंड ओळीने मांडलेले. फळीवर अंजनाबाई, आणि फळीच्या टोकाबाहेर तिचे दोन तळवे.

"हे काय नवीन?" पंजाबरावने विचारलं.

"पयले पानी. ज्याच्या वाट्याला येतील तेवढे गुंड, नळावरून भरून. मगच पाय लागन."

"कावून?"

"पायाचं म्हननं हाय."

डॉक्टरीणबाईंच्या म्हणण्याला तीन तास कापून काढणारी ही माणसं. पायाचं म्हणणं ऐकून एकानेही का म्हणून विचारलं नाही. ज्यांना रात्रभर कूस बदलता येत नव्हती, कामाची हाक आली की ज्यांची कंबर धरायची, ते सगळे वाकले, गुंड उचलले आणि चालू पडले. मैनाबाईला दोन मिनिटं काही उमजेना. मग ओळ मोडत नाही असं दिसल्यावर तिने आपल्या पदरचे नियम घातले. "अनवाणी जा. वाटेत बोलायचं नाई. सांडलं तर पुन्हा भरा!" केवलराम सगळ्यांत शेवटी निघाला. मुकादमच चाललाय म्हटल्यावर लाजायला जागा उरली नव्हती.

नळावरच्या बायांना बोलायची बंदी नव्हती. "का मुकादम," चंपा ओरडली, "कनिहा बने हे ना? नइ त मोर घलो भर दे!" कंबर बरी आहे ना, नाहीतर माझंही भरून दे, एवढं छत्तीसगडी पंजाबरावला कळत होतं. डोक्यावरचा गुंड सांभाळत तो मुकाट चालत राहिला.

परत आल्यावर एकेकाने वाकून, बसून, पाठ फिरवून, मागे सरकत सरकत आपली कंबर तिच्या तळव्याला टेकवायची. लाथ मारायची वेळ तिच्यावर आली नाही. माणसं आपणहून येऊन लाथेवर आदळत होती. ती छताकडे बघत पडून राहायची.

दोन आठवडे गेले, तीन गेले. पाय तसाच मढं. पाठी येऊन टेकत, तिला त्या दिसत, कळत नसत. कधीकधी दुपारी ती स्वतःच दुसऱ्या पायाच्या नखाने तळवा खरवडून बघायची आणि घाबरायची. कंबरेची कळ मात्र उतरली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगून पाठवलं, धीर धर, शीर सावकाश जागी होते. ओळीतले लोक मात्र आठवड्याभरातच बरे झाल्याचं सांगू लागले, आणि पुन्हा दुखेल म्हणून रोज येतच राहिले. पंजाबराव तर आता तीन गुंड न्यायचा आणि गँगला सांगायचा, पायाची ताकद वाढलीय.

पाचव्या आठवड्यातली सकाळ. पंजाबराव नेहमीप्रमाणे तीन गुंड रिकामे करून आला, सदरा वर केला आणि हुश्श करत मागे टेकला.

अंजनाबाईचा पाय एकदम आखडला.

काहीतरी चिकट होतं. ओलं, गरम, खरबरीत. मोहरीचं शिळं तेल, सिमेंटची धूळ आणि आठवड्याचा घाम, सगळं वेगवेगळं कळलं. तिने पाय फळीच्या कडेला पुसला. कडेची लाकडाची कुसं टोचली. तीही कळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ओठांवर तेच आलं जे दोन वर्षं येऊ पाहत होतं.

"शी!"

ओळीतले सगळे दचकले. लाथेच्या वेळी पायाळू बोलली होती. मैनाबाईने तोंडावर पदर धरला.

"काय झालं बाई?" पंजाबरावने मान वळवून घाबरून विचारलं. "पाय काही म्हनून राहिला का?"

"हो जी," अंजनाबाई म्हणाली. तिने डाव्या पायाची पाचही बोटं एकेक करून हलवून बघितली. "उद्यापासून चौथा गुंड आना. अन् तो स्वतःच्या अंगावर ओतून या."