प्लास्टिकची माती

एकतीस वर्षं कॉलेजच्या बेसबॉल मैदानाची माती राखणाऱ्या वर्नन हलकोम्बला नवं स्टेडियम बघवेना. गवत प्लास्टिकचं होतं, ते त्याने एकवेळ चालवून घेतलं असतं. पण खेळाडू धावतात, घसरतात, त्या जागेची तांबडी मातीसुद्धा खोटी होती. तिथे तांबड्या रंगाची सतरंजीच अंथरलेली होती आणि उन्हात तिला टायरचा वास येत होता.

"काय वर्नन, झकास ना?" तरुण कोच ट्रेंट म्हणाला. "आता पावसानंतर चिखल नाही की काही नाही! पण आज पाचव्या डावानंतर तू नेहमी माती सारखी करतोस तसं दाताळं फिरव हं. लोकांना ते बघायला आवडतं."

"सतरंजीवर दाताळं?"

"नुसतं दाखवायला रे! टीव्हीवर छान दिसेल."

पाचवा डाव संपला. वर्नन दाताळं घेऊन पहिल्या बेसपाशी येताच टाळ्या सुरू झाल्या. सवयीने त्याने वाकून जमिनीवरून हात फिरवला. बोटांना सतरंजीत भरलेले रबराचे काळे कण चिकटले. त्याला किळस आली. वर प्रेक्षकांच्या टाळ्या वाजतच होत्या, त्यांची किळस त्याहून जास्त आली.

"अरे, सुरू कर ना!" ट्रेंट ओरडला.

"सतरंजी विंचरत नाहीत, कोच," वर्नन मोठ्याने म्हणाला. "झाडू मागव, आणि तो मारायला दुसरा माणूसही."

पुढच्या रांगेतले लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली. वर्नन दाताळं खांद्यावर टाकून निघाला आणि फाटकाजवळच्या नळावर त्याने तीनदा हात धुतले.