आधी नाक, मग मशीन

“गॅस सांगून गळतो. वीज सांगते का?” आमचे हे चौथ्यांदा म्हणाले.

स्वयंपाकघराच्या भिंतीला टेप लावून माप घेणारी टेक्निशियन हसली. “नाही सर. वीज सांगत नाही.”

“मग? गॅससारखा सभ्य पदार्थ नाही. जरा कुठे सुटला की लगेच हाक मारतो. ती ऐकणारं नाक पाहिजे, एवढंच.”

“तुमच्यासारखं,” ती म्हणाली, आणि ह्यांची छाती दोन बोटं फुगली. मी ओट्याकडे तोंड करून कपबशा विसळत होते. बरं झालं. त्या वेळी माझा चेहरा कुणी पाहायला नको होता.

ही टेक्निशियन मुळात ह्यांचीच विद्यार्थिनी. गॅस कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रात पंधरा वर्षांपूर्वी हे शिकवायचे, तेव्हा तीस मुलांत ही एकटी मुलगी होती. आता ती लोकांच्या घरातला गॅस काढून विजेची उपकरणं बसवायचं काम करते. ह्यांनी जन्मभर जोडलेले पाइप गेली तीन वर्षं ती गल्लोगल्ली उपटत हिंडत होती, आणि त्याबद्दल ह्यांचा तिच्यावर राग नव्हता. “हाताला सफाई आहे पोरीच्या,” म्हणायचे. राग होता तो माझ्यावर. कारण आमच्या घरचा गॅस काढायचा हट्ट माझा होता.

ह्यांना कंपनीत नावाने कुणी हाक मारली असेल असं मला वाटत नाही. सगळे ‘नाक’ म्हणायचे. “नाक आलं का?” “नाकाला पाठवा.” वरिष्ठ साहेब जरा अदबीने ‘नाकसाहेब’ म्हणत. गळती शोधायचं यंत्र कंपनीत होतं, पण ते गाडीतून उतरवेपर्यंत हे दारातूनच सांगत, मागच्या खोलीत, खिडकीच्या डाव्या हाताला. एकदा एका शाळेवरून सायकलने जाताना हे थांबले, आत गेले आणि मुख्याध्यापकांशी वाद न घालता सरळ घंटा बडवून दोनशे मुलं मैदानात काढली. तळघरातला सांधा सुटला होता. त्याचं प्रशस्तिपत्रक बैठकीच्या खोलीत आहे आणि पाहुण्याला ते वाचल्याशिवाय चहा मिळत नाही. विद्यार्थ्यांना हे एकच सूत्र घोकून घेत: आधी नाक, मग मशीन.

घरातही तेच. फाटकातून आत येताच, आज दूध लागलं वाटतं. शेजारणीने नवीन साबण आणला वाटतं. अशा माणसाबरोबर संसार करणं सोपं नसतं. मी त्यांच्यापासून चाळीस वर्षांत एकही करपलेली भाजी लपवू शकले नाही.

मग दोन हिवाळ्यांपूर्वी ह्यांना आठवडाभर ताप आला. ताप गेला, सर्दी गेली, आणि जाताना वास घेऊन गेली. हे मला ह्यांनी सांगितलं नाही. मी अंगणातून वाळलेले कपडे घेऊन आत आले तर दारातच डोकं गरगरलं. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस मोकळा सुटला होता. हे शेगडीपासून चार हातांवर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मला पाहून म्हणाले, “आज ऊन छान पडलंय, नाही?”

मी बटण बंद केलं. खिडक्या उघडल्या. “हवा येऊ दे जरा,” मी म्हणाले. ह्यांनी पेपरचं पान उलटलं. नंतर न्हाणीघरात जाऊन मी बादलीच्या काठाला धरून बसले.

बोलायला हवं होतं, कळतं मला. पण ज्या माणसाला सगळं गाव नाक म्हणतं त्याला बायकोने कोणत्या तोंडाने सांगायचं? मी म्हटलं, आज नको. मग म्हटलं, उद्याही नको. त्यानंतर एकदा मी मुद्दाम भाजी जाळून पाहिली. काळा धूर निघाला तेव्हा हे बैठकीच्या खोलीतून म्हणाले, “वा! काय वास सुटलाय!” मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि ती कढई घासायला दोन दिवस लागले.

तेव्हापासून मी ह्यांना घरात एकटं सोडलं नाही. बाजाराला जायचं तर “चला हो, पिशवी उचलायला.” लग्नकार्याला जायचं तर दोघांनी, नाहीतर नाही. मी लोकांना सांगायचे की गुडघे दुखतात, एकटीने जाववत नाही. गुडघे बिचारे ठणठणीत होते.

सगळ्यात वाईट वाटायचं ते धाकट्या बहिणीचं. ती बसने चार तासांवर एकटी राहते. दोन वर्षं मी तिच्याकडे फिरकले नाही. आता तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, नऊ तारखेला. फोनवर म्हणाली, “आठ दिवस तरी येशील का? की नवऱ्याला पदराला बांधून ठेवलंयस?” मी हसून वेळ मारून नेली. पण फोन ठेवला आणि ठरवलं. घरात आग नको, गॅस नको. मग मी जाईन.

ह्यांना म्हटलं, मला नवी शेगडी हवी. विजेची. गॅसचा गिझर नको, गॅसचा हीटर नको, सगळं विजेवर.

“या वयात हौस सुचते तुला?”

“हो, सुचते.”

लेकीने फोनवरून मला साथ दिली. हे चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, “कर काय करायचं ते. पाइप मात्र माझ्या देखत निघायचा.”

हीट पंपची पेटी आली तेव्हा तर ह्यांनी तिच्याकडे सावत्र मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. ही पेटी घराबाहेर बसणार आणि बाहेरच्या हवेतली ऊब ओढून खोल्या आणि पाणी तापवणार. “बाहेर थंडीने दात वाजतात, आणि ही म्हणे तिथून ऊब आणणार!” टेक्निशियन म्हणाली, “फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो ना सर, तसंच. फक्त उलटं.” ह्यांनी हात झटकला. पण त्या पेटीचं माहितीपुस्तक दुसऱ्या दिवशी ह्यांच्या उशीपाशी सापडलं, शेवटच्या पानापर्यंत पेन्सिलीच्या खुणा केलेलं.

सात तारखेला सकाळी नवी शेगडी ओट्यावर बसली. गुळगुळीत काळी काच. तिच्यावर पाणी उकळून झालं, नळाला गरम पाणी आलं, खोल्याही उबदार झाल्या. उरला तो जुना पाइप. टेक्निशियनने मीटरजवळचा कॉक बंद केला, आत राहिलेला गॅस शेगडीत जाळून संपवला, मग शेगडी सोडवून पाइपचं तोंड उघडं ठेवलं. पाइप बाहेरून भिंतीत शिरत होता आणि तिथे गंजलेला सांधा काही केल्या सुटेना. तो ग्राइंडरने कापावा लागणार होता. ती ग्राइंडर घेऊन परसात गेली. पंधरा मिनिटं थांबलो. मग तिने खिडकीतून आत हाक दिली.

“सर, आता तुम्हीच सांगा. तोंडाशी वास आहे का बघा, मग कापते.”

“मशीन लावलंस?” ह्यांनी विचारलं.

“गाडीत आहे. तुम्ही असताना मशीन कशाला? तुम्हीच शिकवलंय, आधी नाक.” तिच्या आवाजात कौतुक होतं. गुरूला मान द्यायचा म्हणूनच तिने ते यंत्र गाडीत ठेवलं असणार. त्या बाहेरच्या वाऱ्यात तिला स्वतःला काही कळणं शक्य नव्हतं.

हे ओट्यापाशी गेले. हात मागे बांधले, डोळे मिटले, आणि त्या उघड्या तोंडाशी वाकले. अगदी पूर्वीसारखं. तोवर मलाही वास आला होता. फार नाही, पण होता. जुना कॉक झिजला असावा, पुरता बंद होत नव्हता. आत गॅस झिरपत होता आणि बाहेर पोरगी ठिणग्या उडवायचं यंत्र हातात धरून उभी होती.

मी तोंड उघडलं. ओरडायलाच हवं होतं. पण खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा माझं मन दुसरंच काही शोधत होतं. पेला पाडावा का? चक्कर आल्याचं सोंग करावं का? ह्यांची लाज राखून त्या पोरीला थांबवता येईल असं काहीतरी. माणूस किती वेडा असतो.

हे वाकलेलेच होते. मग सरळ झाले. माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, “ग्राइंडर खाली ठेव.”

“आहे वास?”

“मला माहीत नाही. मशीन आण.”

“म्हणजे?”

“मला वास येत नाही. कसलाच नाही. आधी ते खाली ठेव बघू, प्लगमधून काढ, आणि मशीन आण.”

तिने ठेवलं. धावत जाऊन यंत्र आणलं, आणि ते पाइपच्या तोंडाशी धरताच इतकं किंचाळलं की मी कानांवर हात ठेवले. ह्यांनी पाइपचं तोंड बूच लावून बंद केलं, मी खिडक्या उघडल्या, आणि तिने कंपनीला फोन करून रस्त्यावरचा कॉक बंद करायला माणसं बोलावली. ती माणसं येईपर्यंत आम्ही तिघं परसातल्या पायरीवर बसून होतो. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“चूक माझी, सर. मशीन गाडीत राहिलं.”

“तुझी नाही. तुला जे शिकवलं तेच केलंस. उद्यापासून मात्र तुझ्या हाताखालच्या सगळ्यांना सांग. आधी मशीन. नाक म्हातारं होतं.” पुढे म्हणाले, “आणि कोणी शिकवलं विचारलं तर माझं नाव सांग. लाजू नकोस.”

तिने मान हलवली. मग भीतभीत विचारलं, “कधीपासून येत नाही, सर?”

“हिला विचार. हिला तारीख पाठ असेल.”

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. ते समोरच्या पेटीकडे पाहत होते. कान लाल झाले होते.

“तुम्हाला माहीत होतं? मला कळलंय ते?”

“दोन वर्षं बायको मला वीतभर मोकळं सोडत नाही. माझं नाक गेलंय, डोकं नाही गेलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोलशील म्हणून थांबलो. तू बोलेनास. मग वाटलं, ही बोलत नाही तोवर आपलं नाक आहे.” हाताने गुडघा चोळत राहिले. “आणि तू घरात असायचीस. ते बरंही वाटायचं. तुझी बहीण वाट बघते, ऑपरेशन आहे, सगळं ऐकू येत होतं मला. तरी शेगडी नको म्हणून भांडलो. वाईट वागलो मी.”

टेक्निशियन उठून गाडीकडे गेली. तिथे काही काम नव्हतं तिला. मला खूप राग आला, दोन वर्षांचा, आणि तो राग निघून जायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कारण ह्या माणसाने आताच, आपण होऊन, आपल्या विद्यार्थिनीसमोर जे सांगितलं होतं, ते सांगायला त्याला किती जड गेलं असेल हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी नुसता त्यांचा हात हातात घेतला.

संध्याकाळी पाच वाजता पाइप कापला. ह्यांनी स्वतः भिंतीतलं भोक सिमेंटने लिंपलं आणि थापी धुऊन जागच्या जागी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग भरून बाहेर आले तर हे नव्या शेगडीवर चहा करत होते. काचेवर एक बोट टेकवायचे, मागे व्हायचे, आणि दिव्याची खूण उमटली की पुन्हा पुढे यायचे. चहा पांचट झाला होता. मी सगळा प्यायले. फोन करा, औषधं घ्या, दार लावून घ्या, सगळं सांगून झालं. हे हो हो करत राहिले. मग म्हणाले, “एक सांग. घरात आता वास कसला येतो?”

मी उगाच काहीतरी सांगणार होते. पण सवय मोडायची तर आजच मोडावी. मी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिले आणि खोल श्वास घेतला. चाळीस वर्षं या घरात गॅसचा एक पुसटसा वास होता, तो असताना कधी जाणवला नव्हता. आता तो गेला होता.

“कसलाच नाही,” मी म्हटलं.

ह्यांनी माझा कप विसळून पालथा घातला.

“मग आता दोघांना सारखाच येतो,” ते म्हणाले, आणि माझी बॅग उचलून बस थांब्याच्या दिशेने चालू लागले.